दुहेरी विस्थापन: अभिक्रिया होणार की नाही, हे आधी कसं ओळखायचं

सिल्व्हर नायट्रेटच्या स्वच्छ, रंगहीन द्रावणात मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकले की पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा घन, तयार होऊन हळूहळू तळाशी बसतो. त्याच मिठाच्या पाण्याचे थेंब पोटॅशिअम नायट्रेटच्या द्रावणात टाकले तर काहीही होत नाही. दोन संयुगांनी आपापले घटक एकमेकांत बदलून दोन नवी संयुगं बनवणं म्हणजे दुहेरी विस्थापन. वहीत मात्र दोन्ही समीकरणं सारख्याच सहजपणे लिहिता येतात (↓ ही अवक्षेपाची खूण):

सिल्व्हर नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड ↓ + सोडिअम नायट्रेट

पोटॅशिअम नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → पोटॅशिअम क्लोराइड + सोडिअम नायट्रेट

पहिलं परीक्षानळीत घडतं. दुसरं फक्त कागदावर. नवशिक्यांचा बहुतेक वेळ जोड्या बदलायला शिकण्यात जातो आणि ते एका दिवसात जमतंही. खरं शिकायचं असतं ते पहिलं आणि दुसरं समीकरण यांतला फरक प्रयोग न करता ओळखायला. हा लेख त्यासाठी आहे. दहावीचा धडा पहिल्यांदा वाचणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, आणि मुलांचा अभ्यास घेताना आपलंच रसायनशास्त्र विसरलेल्या आईवडिलांनाही.

इथे समीकरणं पूर्ण नावांनी लिहिली आहेत. कोण कुठून कुठे गेलं, हे नावांत चटकन दिसतं. संज्ञा आणि सूत्रं वापरून तीच समीकरणं तुम्ही शेजारी वहीत लिहीत चला. नुसतं वाचून हा विषय येत नाही.

पायरी १: प्रत्येक संयुगाचे आयन वेगळे करा

दुहेरी विस्थापनातली संयुगं बहुधा आयनिक असतात, म्हणजे एक धन आयन आणि एक ऋण आयन (आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट). नावातच दोन्ही सापडतात: आधीचा शब्द धन, नंतरचा ऋण. खालची यादी पाठ असली की नव्वद टक्के गणितं सुटतात.

धन आयन, प्रभार १: सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअम, सिल्व्हर, हायड्रोजन.
धन आयन, प्रभार २: कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, बेरिअम, झिंक, लेड, कॉपर (नेहमीच्या क्षारांतलं).
धन आयन, प्रभार ३: अ‍ॅल्युमिनिअम, फेरिक (लोखंडाचा).
ऋण आयन, प्रभार १: क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, नायट्रेट, हायड्रॉक्साइड, बायकार्बोनेट, अ‍ॅसिटेट.
ऋण आयन, प्रभार २: सल्फेट, कार्बोनेट, सल्फाइड.
ऋण आयन, प्रभार ३: फॉस्फेट.

नायट्रेट, सल्फेट, अमोनिअम हे अनेक अणूंचे आयन या अभिक्रियांत अखंड राहतात. सल्फेटमधलं सल्फर एकीकडे आणि ऑक्सिजन दुसरीकडे असं कधी करायचं नाही. त्यांना एकच नग समजा.

पायरी २: ऋण आयनांची अदलाबदल करा

पहिला धन आयन दुसऱ्या ऋण आयनाबरोबर, दुसरा धन आयन पहिल्या ऋण आयनाबरोबर. नवं नाव लिहिताना धन आयन पुढेच राहतो. दोन धन आयन एकत्र किंवा दोन ऋण आयन एकत्र आले तर तिथेच थांबा, काहीतरी चुकलं आहे.

पायरी ३: नव्या संयुगाचं सूत्र शून्यापासून बांधा

सगळ्यांत जास्त गुण इथे जातात. उदाहरण घेऊ: बेरिअम क्लोराइड आणि सोडिअम सल्फेट.

बेरिअमवर दोन धन प्रभार आहेत आणि क्लोराइडवर एक ऋण, म्हणून बेरिअम क्लोराइडमध्ये एका बेरिअमला दोन क्लोराइड. सोडिअमवर एक आणि सल्फेटवर दोन प्रभार, म्हणून सोडिअम सल्फेटमध्ये दोन सोडिअमला एक सल्फेट. आता जोड्या बदलल्या. घाईत विद्यार्थी ते 'दोन' सोबत घेऊन जातात आणि सोडिअम क्लोराइडमध्ये दोन सोडिअम, दोन क्लोराइड असं अजब सूत्र लिहितात. जुन्या सूत्रातला खालचा आकडा आयनाच्या मालकीचा नसतो. तो त्या जुन्या जोडीपुरताच होता. नवी जोडी जमली की प्रभार पुन्हा जुळवायचे: बेरिअम दोन, सल्फेट दोन, म्हणून एकास एक. सोडिअम एक, क्लोराइड एक, म्हणून एकास एक.

एकापेक्षा जास्त अणूंचा आयन दोन किंवा तीनदा येत असेल, तर त्याला कंस करून आकडा कंसाबाहेर लिहा. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं सूत्र कंसाशिवाय लिहिणं ही दुसरी नेहमीची चूक.

पायरी ४: समीकरण संतुलित करा

आता सूत्रांना हात लावायचा नाही, फक्त त्यांच्या आधी सहगुणक लिहायचे. वरच्या उदाहरणात डावीकडे दोन सोडिअम आणि दोन क्लोराइड आहेत, म्हणून उजवीकडे सोडिअम क्लोराइड दोनदा घ्यावं लागतं:

बेरिअम क्लोराइड + सोडिअम सल्फेट → बेरिअम सल्फेट ↓ + २ सोडिअम क्लोराइड

संतुलन करताना अणू न मोजता आयन मोजा. सल्फेट किती, नायट्रेट किती, हे बघितलं की ऑक्सिजन मोजत बसायला नको.

जरा अवघड एक: अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. अ‍ॅल्युमिनिअम तीन, सल्फेट दोन, म्हणून दोन अ‍ॅल्युमिनिअमला तीन सल्फेट. तीन सल्फेटसाठी तीन कॅल्शिअम लागतील. तीन कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमधून सहा हायड्रॉक्साइड येतील. ते दोन अ‍ॅल्युमिनिअमना तीन-तीन पुरतात:

अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट + ३ कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → २ अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड ↓ + ३ कॅल्शिअम सल्फेट

पायरी ५: द्रावणातून काही बाहेर पडतं का?

इथपर्यंतचं सगळं कागदाचं काम होतं. आता प्रत्यक्ष पाण्यात काय चाललंय ते बघू.

वर्गात बहुधा 'जोडीदार बदलतात' असं सांगितलं जातं. सुरुवातीला ते चित्र चालून जातं, पण पुढे नडतं. कारण पाण्यात विरघळलेल्या मिठात सोडिअम आणि क्लोराइड यांच्या जोड्या नसतातच. प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो आणि मोकळा फिरत असतो. पोटॅशिअम नायट्रेटचंही तसंच. दोन्ही द्रावणं एकत्र केली की चार जातींचे आयन एका भांड्यात मोकळे फिरतात. आधीही मोकळे, नंतरही मोकळे. बदललं काय? काहीच नाही. म्हणून अभिक्रिया नाही.

सिल्व्हर नायट्रेटच्या बाबतीत वेगळं घडतं. सिल्व्हर आणि क्लोराइड आयन एकमेकांना इतक्या घट्ट धरतात की पाण्याला त्यांना सोडवून वेगळं ठेवता येत नाही. सिल्व्हर क्लोराइड २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतं. साधं मीठ तेवढ्याच पाण्यात साडेतीनशे ग्रॅमच्या वर विरघळतं. त्यामुळे सिल्व्हर आणि क्लोराइड घनरूपात बाहेर पडतात आणि उरलेले सोडिअम, नायट्रेट जिथे होते तिथेच राहतात.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा: चारपैकी कोणते तरी दोन आयन मोकळेपणा सोडून एकत्र येणार आहेत का? तसं होण्याच्या वाटा तीन. न विरघळणारा घन तयार होणं, वायू तयार होणं, किंवा पाण्यासारखा आयनांत फारसा न फुटणारा रेणू तयार होणं. यातली एकही वाट उघडी नसेल तर बाणापुढे 'अभिक्रिया होत नाही' असं लिहा.

घनाची वाट ओळखायला द्रावणीयतेचे नियम लागतात. वरून खाली या क्रमाने लावायचे, पहिला लागू पडला की थांबायचं:

सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअम यांचे नेहमीचे सगळे क्षार विरघळतात.
नायट्रेट सगळे विरघळतात. अ‍ॅसिटेटही जवळपास सगळे.
क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड विरघळतात. सिल्व्हर आणि लेडचे मात्र नाही. (लेड क्लोराइड थंड पाण्यात थोडं आणि गरम पाण्यात बरंच विरघळतं.)
सल्फेट विरघळतात, बेरिअम आणि लेडचे नाहीत, कॅल्शिअमचं थोडंसंच.
हायड्रॉक्साइड विरघळत नाहीत. सोडिअम, पोटॅशिअम, बेरिअमचे विरघळतात, कॅल्शिअमचं थोडंसं.
कार्बोनेट, फॉस्फेट, सल्फाइड बहुतेक विरघळत नाहीत. पहिल्या ओळीतल्या तिघांचे सोडून.

पहिल्या दोन ओळी सोन्याच्या. प्रयोगशाळेत सोडिअम क्षार आणि नायट्रेट इतके का वापरतात, त्याचं उत्तर त्यांत आहे. ते स्वतः मधे येत नाहीत, हवा तो आयन पाण्यात आणून सोडतात आणि बाजूला होतात.

वायूच्या वाटेवर तीन ओळखीची प्रकरणं. आम्ल आणि कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट एकत्र आले की कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि ते लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांत मोडतं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचा फेस तोच. आम्ल आणि सल्फाइड यांतून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो; तो विषारी आहे, गंमत म्हणून करायचा नाही. तिसरं, अमोनिअम क्षार आणि अल्कली. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. तो चिमूटभर ओल्या चुन्याबरोबर चोळला की अमोनियाचा तिखट दर्प नाकात जातो:

२ अमोनिअम क्लोराइड + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॅल्शिअम क्लोराइड + २ अमोनिया ↑ + २ पाणी

पाण्याची वाट म्हणजे उदासिनीकरण, आम्ल आणि आम्लारि यांची अभिक्रिया. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांत डोळ्यांना काहीच दिसत नाही, दोन्ही द्रावणं रंगहीन आणि मिश्रणही रंगहीन. पण लिटरला एक मोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक) संहतीची दोन्ही द्रावणं ५०-५० मिलिलिटर मिसळली तर तापमान सहा-सात अंशांनी वाढतं. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन एकत्र येऊन पाणी होताना मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर टाकतात. 'अवक्षेप नाही, बुडबुडे नाहीत, म्हणजे अभिक्रिया नाही' हा निष्कर्ष म्हणून फसवा असतो. काही शालेय पुस्तकं दुहेरी विस्थापनाची व्याख्या अवक्षेपाभोवतीच बांधतात आणि उदासिनीकरण वेगळं शिकवतात. परीक्षेत तुमच्या पुस्तकातली व्याख्या लिहा. समजून घेताना दोन्ही एकाच घरातल्या आहेत हे लक्षात ठेवा.

आयन खरंच द्रावणातून निघून जातात का? याचा एक सुरेख पुरावा आहे. बेरिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दोन इलेक्ट्रोड बुडवून मंडलात दिवा जोडतात. आयनांमुळे वीज वाहते, दिवा पेटतो. मग विरल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब टाकत जातात. बेरिअम आणि सल्फेट घन होऊन खाली बसतात, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइडचं पाणी होतं. दिवा मंद होत होत जवळपास विझतो, कारण वीज वाहून न्यायला कुणी उरलेलं नसतं. त्यानंतर आणखी आम्ल टाकलं की तो पुन्हा पेटतो.

पायरी ६: नुसते बघणारे आयन खोडा

जे आयन आधी मोकळे होते आणि नंतरही मोकळेच आहेत, त्यांना प्रेक्षक आयन म्हणतात. ते दोन्ही बाजूंनी खोडले की उरतं ते निव्वळ आयनिक समीकरण:

सिल्व्हर आयन + क्लोराइड आयन → सिल्व्हर क्लोराइड ↓

हे एकदा दिसलं की पाठांतर बरंच हलकं होतं. मिठाऐवजी पोटॅशिअम क्लोराइड घ्या, कॅल्शिअम क्लोराइड घ्या, हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, पांढरा अवक्षेप तोच. पाण्यातलं क्लोराइड मोजण्याची मोरची पद्धत याच समीकरणावर उभी आहे. कार्ल फ्रीडरिख मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती १८५६ मध्ये मांडली. पाण्यात थोडं पोटॅशिअम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडतात. क्लोराइड संपेपर्यंत पांढरं सिल्व्हर क्लोराइड पडत राहतं. ते संपलं की सिल्व्हर क्रोमेटचा विटकरी लाल रंग उमटतो. एकाच भांड्यात दोन दुहेरी विस्थापनं रांगेत उभी असतात.

घरी करून बघा

सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात, बेरिअम क्लोराइड विषारी आहे, लेडचे क्षारही विषारी. ते प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत आणि शिक्षकांसमोरच करा. घरी चार वस्तू पुरतात: चुना, मीठ, धुण्याचा सोडा, व्हिनेगर. चुन्याची निवळी डोळ्यांना वाईट, म्हणून चष्मा लावा आणि लहान मुलांना एकटं सोडू नका.

काचेच्या बाटलीत पाव लिटर पाणी घ्या, त्यात चमचाभर पानाचा चुना ढवळा, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी तीन ग्लासांत अलगद ओता. झाकण महत्त्वाचं आहे, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते.

पहिल्या ग्लासात मिठाचं पाणी घाला. काही होत नाही. आयनांची यादी करा: कॅल्शिअम, हायड्रॉक्साइड, सोडिअम, क्लोराइड. नव्या जोड्या कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम हायड्रॉक्साइड, दोन्ही पाण्यात सहज विरघळणाऱ्या. वाट बंद.

दुसऱ्या ग्लासात धुण्याच्या सोड्याचं पाणी घाला. लगेच दुधट होतं:

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + सोडिअम कार्बोनेट → कॅल्शिअम कार्बोनेट ↓ + २ सोडिअम हायड्रॉक्साइड

आता याच दुधट ग्लासात व्हिनेगर घालत जा. आधी मोकळं हायड्रॉक्साइड आम्ल खाऊन टाकतं, म्हणून सुरुवातीला काही दिसत नाही. पुरेसं व्हिनेगर पडलं की बारीक बुडबुडे येतात आणि पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं. कार्बोनेट वायू होऊन गेलं, कॅल्शिअम अ‍ॅसिटेट विरघळून राहिलं. तिसरा ग्लास तसाच तुलनेला ठेवा.

बोर्डो मिश्रण: शेतकऱ्याच्या हातातलं दुहेरी विस्थापन

पुस्तकात क्वचित येणारं, पण मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण हे. द्राक्षावरचा केवडा, सुपारीवरचा कोळेरोग अशा बुरशीजन्य रोगांसाठी बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडत असत. त्याच वेलींवर केवडा कमी आहे, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ही कृती प्रसिद्ध केली.

कॉपर सल्फेट + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड ↓ + कॅल्शिअम सल्फेट

(प्रत्यक्षात आम्लारिधर्मी कॉपर सल्फेटही तयार होतं, पण शिकायला हे समीकरण पुरेसं आहे.)

एक टक्का मिश्रणाची नेहमीची कृती: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवतात, चुना दुसऱ्या पिंपात विरवून ५० लिटर पाण्यात कालवतात, आणि दोन्ही ढवळत ढवळत एकत्र करतात. आकाशी निळा, सैलसर अवक्षेप तयार होतो. तो गाळून त्याच दिवशी फवारायचा, कारण ठेवला की कण मोठे होतात आणि पानाला नीट चिकटत नाहीत.

आता गणित करून बघा. मोरचुदाचा एक मोल, स्फटिकातल्या पाण्यासह, सुमारे २५० ग्रॅम. म्हणजे १ किलोत ४ मोल. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचा एक मोल ७४ ग्रॅम. एकास एक प्रमाणाने ४ मोलना २९६ ग्रॅम शुद्ध विरलेला चुना पुरायला हवा. मग कृतीत किलोभर का? कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो. शिवाय उघडा पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शिअम कार्बोनेट होतो आणि त्याच्याकडे द्यायला हायड्रॉक्साइड उरत नाही. चुना कमी पडला तर मोकळे कॉपर आयन द्रावणात राहतात आणि पानं करपतात. चुना जास्त झाला तर त्या मानाने फारसं बिघडत नाही.

कॉपर मोकळं राहिलं का, हे शेतकरी लोखंडाने तपासतात. घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर कॉपर आयन शिल्लक आहेत, अजून चुना घाला. थर चढला नाही तर मिश्रण तयार. हा थर मात्र दुहेरी विस्थापनाचा नाही. इथे लोखंड स्वतः आयन होऊन कॉपरला धातूच्या रूपात बाहेर ढकलतं, ही साधी विस्थापन अभिक्रिया. मिश्रण लोखंडी पिंपात का करायचं नाही, तेही याच्यावरून समजतं.

साधं आणि दुहेरी यांत गोंधळणाऱ्यांसाठी हीच कसोटी धरा. साध्या विस्थापनात एक मूलद्रव्य एकटं येतं आणि एक एकटं बाहेर पडतं, प्रभार बदलतात, इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात. दुहेरी विस्थापनात चारही आयनांचे प्रभार जसेच्या तसे राहतात.

आणखी एक गोष्ट. कॉपर हायड्रॉक्साइड विरघळत नाही, तर ते बुरशी मारतं कसं? 'विरघळत नाही' म्हणजे अगदी शून्य नव्हे. पानावरच्या ओलाव्यात अत्यल्प कॉपर आयन सुटत राहतात, बीजाणूंना तेवढे पुरतात. आणि बाकीचा थर पावसाने सहज धुऊन जात नाही.

आणखी दोन ठिकाणी हेच

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस न येता बादलीला राखाडी थर चिकटतो. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडिअम क्षार. पाण्यातल्या कॅल्शिअमबरोबर त्यांचे न विरघळणारे कॅल्शिअम क्षार होतात, तोच थर. डिटर्जंटचे कॅल्शिअम क्षार विरघळतात, म्हणून त्याला अशा पाण्यातही फेस येतो.

दुसरं उदाहरण दवाखान्यातलं. आतड्यांचा एक्स-रे काढताना रुग्णाला बेरिअम सल्फेट पाजतात. बेरिअम आयन विषारी, तरी हे चालतं, कारण ते पाण्यात लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच विरघळतं आणि जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्लही त्याला हात लावू शकत नाही. बेरिअम कार्बोनेटही पाण्यात विरघळत नाही, पण आम्लात त्याला वायूची वाट मोकळी मिळते: कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं आणि बेरिअम आयन मोकळे होतात. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये कार्बोनेट मिसळलेलं बेरिअम सल्फेट दिलं गेल्याने रुग्ण दगावले होते.

नियम कुठे डगमगतात

द्रावणीयता तापमानाबरोबर बदलते, आणि प्रमाण बदललं तर अभिक्रियेची दिशाही बदलू शकते. पोटॅशिअम क्लोराइड आणि सोडिअम नायट्रेट साध्या तापमानाला, विरल द्रावणात मिसळले तर काही होत नाही. पण अतिशय दाट द्रावण उकळलं तर सोडिअम क्लोराइड घन होऊन पडतं, कारण गरम पाण्यात त्याची द्रावणीयता फारशी वाढत नाही. पोटॅशिअम नायट्रेटची मात्र प्रचंड वाढते: शून्य अंशाला १०० ग्रॅम पाण्यात १३ ग्रॅम, उकळत्या पाण्यात २४० ग्रॅमच्या वर. मीठ गाळून द्रावण थंड केलं की पोटॅशिअम नायट्रेटचे स्फटिक मिळतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सोरा (पोटॅशिअम नायट्रेट) अशाच रीतीने तयार करत.

प्रमाणाचं उदाहरण बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेबरोबर तो इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या सरोवरांच्या काठांवर त्याला सोडिअम कार्बोनेटचे थर दिसले. प्रयोगशाळेत कॅल्शिअम क्लोराइड आणि सोडिअम कार्बोनेट एकत्र केले की कॅल्शिअम कार्बोनेट आणि मीठ मिळतं. इथे चुनखडीवर मिठाचं अफाट प्रमाण असल्याने गाडी उलट्या दिशेला गेली होती. पदार्थ किती आहे यावरही अभिक्रियेची दिशा ठरते, हा विचार त्याने त्यातून मांडला.

हात साफ करा

उत्तर झाकून आधी स्वतः सोडवा.

फेरिक क्लोराइड + सोडिअम हायड्रॉक्साइड. तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड पडतं. सोडिअम हायड्रॉक्साइड तीनदा लागतं, उजवीकडे सोडिअम क्लोराइडही तीनदा.

मॅग्नेशिअम सल्फेट + पोटॅशिअम क्लोराइड. अभिक्रिया नाही. चारही जोड्या विरघळतात.

झिंक + कॉपर सल्फेट. डावीकडे एकटं मूलद्रव्य आहे, म्हणून हे साधं विस्थापन.

लेड नायट्रेट + पोटॅशिअम आयोडाइड. लेड आयोडाइडचा झगझगीत पिवळा अवक्षेप, पोटॅशिअम आयोडाइड दोनदा. गरम केलं की तो बराच विरघळतो आणि थंड होताना सोनेरी चकत्यांच्या रूपात परत येतो. हा प्रयोग फक्त प्रयोगशाळेत.

कॉपर सल्फेट + बेरिअम हायड्रॉक्साइड. इथे दोन्ही उत्पादितं घन: निळं कॉपर हायड्रॉक्साइड आणि पांढरं बेरिअम सल्फेट. प्रेक्षक आयन एकही नाही, खोडायला काही नाही.

सोडिअम अ‍ॅसिटेट + हायड्रोक्लोरिक आम्ल. द्रावणीयतेचे नियम लावले तर सगळं विरघळतं, वायूही दिसत नाही, म्हणून बरेच जण 'अभिक्रिया नाही' लिहितात. पण अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य आहे, पाण्यात त्याचा फार थोडा भाग आयनांत फुटतो. त्यामुळे हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेट आयन एकत्र येऊन रेणू होऊन राहतात. तिसरी वाट हीच. परीक्षानळीत काही दिसत नाही, पण हाताने हवा नाकाकडे ओढून वास घेतला तर व्हिनेगरचा वास येतो.